कामोठ्याला, हिराजीच्या आईकडे

नेरूळहून कामोठ्याला सहलीला कोणी जात नाही. ऐंशीच्या दशकात तर मुळीच नाही. मी गेलो, म्हणून लिहितो.

मी साताऱ्याकडचा. सतराव्या वर्षी फौजेत भरती झालो, कारण छाती मापात बसली आणि घरच्यांचा माझ्याबद्दल दुसरा काही बेत नव्हता. ट्रेनिंगला शेजारच्या खाटेवर कामोठ्याचा हिराजी, माझ्याच वयाचा. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. मी पेन्शन घेऊन परतलो, नेरूळच्या नव्या सोसायटीत घर केलं आणि एका रविवारी बायकोला म्हटलं, जरा जाऊन येतो. हिराजीचं नाव मी घरात कधी काढलंच नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: पनवेलची एसटी धरून कळंबोलीला उतरायचं. तिथे लोखंडाचे ट्रक आणि ट्रकवाल्यांचा चहा, कडक आणि स्वस्त. पुढे भातखाचरांच्या बांधावरून पायी. नवे बूट घालू नयेत.

हिराजीची आई ओटीवर सुकट निवडत होती. मी कोण ते सांगितलं. "बस," म्हणाली आणि आत गेली. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. माझं पोट भरेपर्यंत वाढत राहिली. जाणाऱ्यांनी भुकेलं जावं.

मग तिने सांगितलं. आधी तार आली, मग एक साहेब आला आणि हिंदीत बराच वेळ बोलला. तिला काही कळलं नाही. शेजारी म्हणाले, वाघासारखा लढला. पण शेजारी तिथे नव्हते.

"तू व्हतास?"

"होतो."

"मंग आपले भाशेन सांग."

सांगितलं. हिराजी सकाळी पाणी आणायला खंदकाबाहेर गेला, तोफेचा गोळा पडला. मी पोचलो तोवर संपलं होतं. वाघासारखं काही नाही, दोन्ही हातांत पाण्याचे डबे होते. त्रास झाला का, तिने विचारलं. नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. तिथे भात मिळायचा का, हेही विचारलं. तो मला चपात्या देऊन माझा भात खायचा, म्हटल्यावर थोडी हसली.

मग म्हणाली, "माजा पोर गेला तवा सगला गाव माज्याकरं आयला. तुज्याकरं कोन आयला?"

कोणी नाही. त्याच दुपारी आमची तुकडी पुढे सरकली होती. एवढंच सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. ती शेजारी येऊन बसली, पाठीवर हात ठेवला. मी ऊन उतरेपर्यंत रडलो.

घरी बायकोने विचारलं, कुठे होता? मित्राच्या आईकडे, म्हटलं, आणि मग हिराजी पोहायचा कसा, घोरायचा कसा, सगळं सांगत बसलो. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मलाही न्या."

नेलं. नंतर वरचेवर जात राहिलो. आता त्या खाचरांत इमारती आहेत, बूट कुठलेही चालतात. हिराजीची आई गेली तेव्हा आम्ही दोघं पोचलो, आणि गावकऱ्यांनी काही न विचारता मला घरच्या माणसांत बसवलं.