शेवटी येणारं क्रियापद

"नो," हा त्याचा पहिला शब्द. चहा घेणार का विचारलं तरी "नो. येस, थँक यू." त्याला नकार द्यायचा नसायचाच, पण त्या 'नो'शिवाय त्याच्या बोलण्याची गाडी सुरूच व्हायची नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या ऑफिसात आम्ही शेजारी-शेजारी बसायचो. कंपनी विजेची पॅनेल बनवायची. तो कोरियातल्या सोलचा, मी सांगलीचा. एकदा भर मीटिंगमध्ये मोठे साहेब फळ्यावर आकडे मांडत होते. हा मागच्या खुर्चीवरून म्हणाला, "नो. राँग." आम्ही देशी मंडळींनी पटकन माना खाली घातल्या. साहेबांनी मात्र आकडा पुसला आणि त्याचे आभार मानले. एरवी हाच माणूस लिफ्टमध्ये भेटणाऱ्या सफाई कामगारालाही कमरेत वाकून नमस्कार करायचा. त्याच्यात हे धाडस कुठून आलं, ते काही कळेना.

आमचं सगळ्यांचं तेव्हा एकच पालुपद होतं: अजून दोन वर्षं, मग परत. असे 'परत जाणारे' तुम्हीही पाहिले असतील. जात कुणीच नव्हतं. त्यामुळे सोलच्या एका बड्या कारखान्याने त्याला मुख्य इंजिनिअर म्हणून बोलावलं, तेव्हा आमचाच ऊर भरून आला. घर, गाडी, ड्रायव्हर, शिवाय म्हातारी आई त्याच शहरात. एवढं मिळाल्यावर कोण थांबेल? माझ्या बायकोने, सुधाने, एका रविवारी संध्याकाळी त्याला निरोपाचं जेवायला बोलावलं. सावर क्रीमचं का होईना, श्रीखंडही केलं.

जेवताना मी त्याचं अभिनंदन केलं. "नो," तो म्हणाला. मी पुढच्या 'येस'ची वाट पाहत राहिलो. तो काही आला नाही. हा जाणारच नव्हता.

मला रागच आला. मायदेश, आईचं म्हातारपण, असलं बरंच काही मी त्याला ऐकवलं. स्वतः मी कुठे जात होतो, ते सुधाने विचारलं नाही, हे माझं नशीब. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या भाषेत क्रियापद कुठे येतं?"

मी म्हटलं, शेवटी.

"आमच्याही."

मग त्याने सांगितलं. सोलला पहिल्या नोकरीत त्याचे साहेब एक पॅनेल उघडून आत हात घालत होते. वीज बंद आहे अशी त्यांची समजूत होती. ती चालू आहे, हे याला दिसत होतं. पण साहेबांना नुसतं 'थांबा' म्हणायची तिथे सोय नव्हती. वरिष्ठाला 'तुम्ही' म्हणायलासुद्धा त्यांच्याकडे शब्द नाही, हुद्द्यानेच हाक मारायची. याने हुद्दा उच्चारला, माफी मागितली, कदाचित माझीच चूक असेल म्हणाला, आणि मग 'त्या तारेतली वीज अजून...' इथवर आला. क्रियापद यायच्या आत साहेबांचा हात तारेला लागला होता. ते जागीच गेले.

"चांगला माणूस होता," तो म्हणाला. "इंग्रजीत मी आधी नो म्हणतो, मग विचार करतो. तिथे गेलो तर आता मीच साहेब होणार. माझ्या मागे कुणीतरी वाक्य जुळवत उभं असेल."

माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्या 'नो'ला त्याचं मोडकं इंग्रजी समजत होतो.

सुधाने हलकेच विचारलं, येणार नाही हे आईला कळवलं का. त्याने नकारार्थी मान हलवली. मग एकदम उठला आणि फोन करू का म्हणाला. सोलमध्ये सोमवारची सकाळ झाली होती.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन कानाला लावून तो ताठ उभा राहिला. आईशी बोलताना मधूनमधून फ्रिजसमोर वाकत होता. बराच वेळ, फार मऊ आवाजात बोलला. परत येऊन ताटावर बसला, पण जेवेना.

"सांगितलं?" मी विचारलं.

"आमच्या जुन्या घरांत दारांना कागद असतो. थंडीच्या आधी नवा लावतात," तो म्हणाला. "आई विचारत होती, तू येणार, तर तुझ्या खोलीलाही लावून ठेवू का."

"मग?"

"लावून ठेवा, म्हटलं."