भांग आणि रजा

चौऱ्याहत्तरच्या सुमारास मी शिरूरहून दौंडला आले आणि रेल्वेच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. त्या वर्षी आमचे फोरमन, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, निवृत्त झाले. समारंभ रेल्वेच्या क्लबमध्ये ठरला. तिथं जुना पियानो होता आणि तो वाजवणाऱ्या एकच मॅडम, एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या विधवा.

भांडगावहून आप्पांची मंडळी येणार म्हणून साहेबांनी कार्यक्रमपत्रिका मराठीत काढायला सांगितली. मॅडमनी माझ्यापुढं पियानोची दोन पुस्तकं ठेवली. दोन्हींत खुणेचे कागद होते. "इसमें से नाम लिख लो," म्हणाल्या आणि गेल्या.

एका पुस्तकात 'द पार्टिंग' होतं, दुसऱ्यात 'द लीव्ह-टेकिंग'. मी डिक्शनरी उघडली. पार्टिंग म्हणजे भांग. लीव्हचे अर्ज तर मी रोजच टाइप करत होते. पत्रिकेवर आलं : १. भांग. २. रजा.

साहेब दचकले. "आप्पांच्या समारंभात भांग?"

"केसांचा, साहेब."

मग शंभर पत्रिकांवर त्यांनी मला हातानं 'केसांचा' लिहायला लावलं.

मॅडमनी वाजवलं, टाळ्या झाल्या, त्या उठल्या. साहेब म्हणाले, "मॅडम, रजा राहिली!" मॅडमना काही कळेना. मी धावत जाऊन पत्रिका दाखवली.

"अरे, दोनों एक ही है! असली नाम फ्रेंच है, मतलब बिदाई. एकने ऐसा इंग्लिश किया, दूसरेने वैसा."

"मग बरोबर कुठलं?"

"फ्रेंच मुझे कहाँ आता है?"

पुढच्या रांगेतले पाहुणे ताटकळले होते. मॅडम पुन्हा बसल्या आणि तीच चीज निम्म्या वेगानं वाजवली.

चहाला आप्पांचे थोरले भाऊ म्हणाले, "केसांचं बेस हुतं. रजा लई लांबली."

"न्हाई," आप्पा म्हणाले, "रजेत जीव हाय. माझ्या डोळ्यांत पानी आलं." दोघं इरेला पेटले. मी शरमेनं कपात तोंड घातलं.

पुढं आप्पा पेन्शनच्या कामाला आले की मॅडमकडून रजा ऐकून जात. एकदा न राहवून मी त्यांना खरं ते सगळं सांगितलं.

आप्पा माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत राहिले. "पोरी, तुला गाण्यातलं कळत न्हाई. त्या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक हाय."