दोन कड्यांमधला धबधबा

धडगावकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर मी अकरा वर्षं शिक्षिका होते. घर खाली ब्राह्मणपुरीला. शनिवारी शाळा सुटली की जीप धरायची, सोमवारी सकाळी परत वर.

मग विसरवाडीकडची एक तरुण शिक्षिका आली. ती पाड्यावरच खोली घेऊन राहिली. सहा महिन्यांत तिथली पावरी बोली मोडकीतोडकी बोलायला लागली. मुलांच्या आया तिला काकड्या आणून देत, ‘बहीण’ म्हणत. मी त्यांच्यासाठी अजून ‘बाई’च होते.

एकदा मधल्या सुट्टीत ती मला तिच्या अहिराणीत म्हणाली, “ताई, रविवारले धबधबा देखाले जाई ऱ्हायनूत. तुम्ही बी चला.”

“कोणता धबधबा?”

“आपली शाळाना मांगला डोंगरमा. तुम्हले माहीत नही?”

माझा असा जळफळाट झाला की दुपारभर मुलांवर ओरडत राहिले. त्या रविवारी मात्र मी गावी गेले नाही.

शाळेत खिचडी शिजवणारी बाई आम्हाला घेऊन निघाली. त्या दोघी पुढे, हसत, पावरीत बोलत. मी मागे. सागाचं रान संपलं आणि आम्ही ओढ्याच्या पात्रात उतरलो. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ आले की आभाळाची फक्त एक पट्टी उरली. पाण्याचा आवाज केव्हाचा येत होता, पण दिसत काही नव्हतं.

मी शेवटी खिचडीवाल्या बाईला विचारलंच, “मला कधी दाखवला नाहीस तू हा?”

“तू कधी इचारलं नाय, बाई,” ती म्हणाली. रागानं नाही, अगदी सहज. मला ते जास्त लागलं.

वळणापलीकडे धबधबा होता. काळ्या खडकावरून सरळ खालच्या डोहात पडणारा, पांढराशुभ्र. मी तो धड पाहिलाही नाही. मी त्या तरुण शिक्षिकेकडे बघत होते. तिनं हात जोडले होते, जणू तिच्याच माहेरचा देव.

पुढे जाताना शेवाळावरून तिचा पाय सरकला. “ताई, मन्हा हात धरा!”

मी दोन पावलांवर होते. आणि मी क्षणभर तशीच उभी राहिले. पडू दे हिला, असं स्पष्ट मनात आलं. मग भानावर येऊन मी तिचा दंड पकडला, तोवर तिचा पाय मुरगळला होता. आणखी सरकली असती तर डोहातच गेली असती.

आम्ही दोघींनी तिला आधार देत वर आणलं. तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर. वाटेत ती रडत म्हणाली, “तुम्ही व्हतात म्हनीसन मी वाचनू, ताई.”

पाड्यावर तिनं सगळ्यांना हेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई माझ्यासाठीही काकड्या घेऊन आली. मी त्या घेतल्या आणि त्या शिक्षिकेच्या खोलीच्या दाराशी ठेवून आले.