कसून शोध घेतला

नेव्हा स्टिडमला वही उघडायला लावणं म्हणजे तिचा अपमान, असं डनवे काउंटीत सगळे मानायचे. तिला नुसतं विचारायचं. एकोणीसशे एकसष्टमध्ये, बावीस वर्षांची असताना, ती कोर्टाच्या कचेरीत डेप्युटी क्लार्क म्हणून चिकटली. निवडून आलेले क्लार्क चार झाले, ही मात्र जागची हलली नाही. कुणी कुंपणावरून कुणाला कोर्टात खेचलं, कुणाच्या मृत्युपत्रातून कुठली लेक वगळली गेली, कुणाचा पोरगा पिऊन ट्रकसकट खड्ड्यात गेला, सगळं तिला तोंडपाठ. वकील मंडळीसुद्धा केस नंबर तिच्या तोंडून उतरवून घ्यायची आणि पडताळून बघायचा कंटाळा करायची.

"साठच्या आधीच्या वह्या तळघरात आहेत ना?" कुणी नवखा विचारायचा.

"आहेत. पण एकोणीस पायऱ्या उतरायची गरज काय? काय हवंय ते मला सांगा."

माणसं हसायची. नेव्हाही हसायची. कौतुकाची चटक दारूच्या चटकेपेक्षा वाईट. दारू पिणाऱ्याचं पाऊल निदान अडखळताना दिसतं तरी.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये ओलेटा बीचम काउंटरशी आली. बासष्ट वर्षांची, उंच, हाडकुळी बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं वीस वर्षं मक्याचे पाव भाजले होते, त्यामुळे काउंटीतली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन वाढलेली. महिन्यापूर्वी तिचा नवरा हॉलिस बीचम वारला होता. तिचा दुसरा नवरा. पहिला डुई क्रॅबट्री. चोपन्न साली तो तेलविहिरींवर कामाला म्हणून गेला आणि परतलाच नाही. पुढे त्याच्या बहिणीनं निरोप आणला, "डुईनं कागदाचं काम उरकलंय, तू मोकळी आहेस." ओलेटानं विश्वास ठेवला. अठ्ठावन्नमध्ये तिनं हॉलिसशी लग्न केलं आणि एकतीस वर्षं नांदली.

आता हॉलिसच्या पहिल्या बायकोचा मुलगा रँडल म्हणत होता, काडीमोडाचा कागद दाखव, नाहीतर घर माझं. डुई जिवंत होता, पण टेक्सासमधल्या एका वृद्धाश्रमात, अर्धांगवायूनं वाचा गेलेला. निरोप आणणारी बहीणही आता नव्हती. विचारायचं कुणाला? राहिली वही.

"नेव्हा, डुईचा काडीमोड इथे नोंदलेला असेल का गं?" ओलेटानं हळूच विचारलं. मागे रांगेत तीन माणसं होती. एक जण गुरांवर डागायच्या खुणेचा कागद घेऊन, एक जण दंड भरायला, आणि एक जण नुसता गप्पा हाणायला.

नेव्हापुढे पिकन पायचा तुकडा होता. तिनं काटा खाली ठेवला नाही. काउंटीत वयानं मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदरानं 'मिस'च म्हणायचे. "मिस ओलेटा, तुम्हाला सांगायला वाईट वाटतं, पण डुईनं इथे कधीच काही दाखल केलं नाही. त्याची आई मला रविवारच्या शाळेत शिकवायची. तो नुसता ट्रकवर बसून निघून गेला. असतं तर मला माहीत असतं."

"बरं," ओलेटा म्हणाली, आणि गेली.

आठवड्यानं रँडलच्या वकिलाचं पत्र आलं. त्याला दाखला हवा होता. छापील नमुना तयारच असतो: या कचेरीच्या नोंदींत कसून शोध घेतला असता पुढील नावाची कोणतीही नोंद आढळली नाही. नेव्हानं त्यात डुईचं आणि ओलेटाचं नाव भरलं, सही केली, शिक्का दाबला. वही तेव्हाही उघडली नाही. जे आपल्याला माहीतच आहे ते शोधायचं कशाला?

कोर्टात तो दाखला वाचला गेला आणि पाचच मिनिटांत निकाल झाला. ओलेटा क्रॅबट्री ही मयत हॉलिस बीचम याची कायदेशीर पत्नी नव्हती, असा हुकूम निघाला. तोही नेव्हानंच टाइप केला. घर रँडलला गेलं, दोन वर्षांत त्यानं ते विकलं. ओलेटा भाचीच्या परसातल्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, राहायला गेली.

पण घराचं एकवेळ सोसलं तिनं. सोसलं नाही ते वेगळंच. दोघी एकाच चर्चला जायच्या. त्या निकालानंतर ओलेटा तिसऱ्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. प्रभूभोजनाचं तबक बाकाबाकातून फिरायचं, तिच्या हाती यायचं, आणि ती भाकरीचा तुकडा न घेता ते पुढे सरकवायची. कागद सांगत होता की एकतीस वर्षं ती दुसऱ्याची बायको असून परक्याच्या घरात राहिली. कुणी तिला मनाई केली नव्हती. तिचा तिनंच निवाडा केला होता. नेव्हा आठ वर्षं हे दर रविवारी बघत होती आणि तिला बिचारीची कीव यायची. कीव! एकदा तर तिनं ओलेटाला वाडगाभर पीच कॉबलर नेऊन दिलं होतं आणि घरी येऊन स्वतःला फार चांगली समजली होती.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाहून एक निवृत्त दातांचा डॉक्टर आला. नाव लिंडक्विस्ट. वंशावळी शोधत हिंडणाऱ्यांपैकी एक. अशा लोकांना नेव्हा 'मेलेल्यांचे पाहुणे' म्हणायची. त्याची आई क्रॅबट्रींपैकी होती.

"क्रॅबट्रींचं काय हवंय? मी सांगते," नेव्हा म्हणाली.

"नको हो बाई," तो हसून म्हणाला, "मला आपलं स्वतः हाताळायला आवडतं. वह्या सार्वजनिक आहेत ना?"

आहेतच. कुणीही यावं, कुणीही उघडावं. त्याला तळघरात सोडून नेव्हा वर आली. दहा मिनिटं झाली नसतील, तो पायऱ्या चढून आला. हातात चिठ्ठी. "ही फाईल द्या ना. पंचावन्नची. डुई क्रॅबट्री विरुद्ध ओलेटा क्रॅबट्री, घटस्फोट. माझा लांबचा मामा दिसतोय."

नेव्हानं चिठ्ठीकडे पाहिलं. ती स्वतः खाली गेली. वही पंचावन्नची, पान 'सी'चं, ओळ अकरावी. काळ्या शाईत, सुवाच्य. ना डाग, ना खाडाखोड. फाईलही जागच्या जागी. डुईनं वकिलामार्फत अर्ज केला होता, साप्ताहिकात तीन आठवडे जाहीर नोटीस दिली होती. ओलेटा तेव्हा बहिणीकडे टल्सा शहरात, शर्टांच्या कारखान्यात होती, तिला कुठून कळणार? छप्पन्नच्या फेब्रुवारीत हुकूमनामा झाला होता. ओलेटा खरोखरच मोकळी होती. हॉलिसशी तिचं लग्न पक्कं होतं, पहिल्या दिवसापासून.

एकोणीस पायऱ्या. काखेत कळसा म्हणतात तसं. नेव्हाला तळघरातच बसावंसं वाटलं.

डॉक्टरला नक्कल दिली. एक सही-शिक्क्याची नक्कल स्वतःसाठी काढली आणि गाडीच्या खणात, टायरच्या पावत्यांखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी गुपचूप एका वकिलाला विचारलं, असा निकाल आता फिरवता येईल का? तो म्हणाला, मुदत कधीच टळली, घर तिसऱ्याच्या नावावर, विसरा. म्हणजे वरातीमागून घोडं. घर परत मिळणारच नसेल, तर म्हातारीला उगाच दुखवायचं कशाला, असं नेव्हानं मनाशी म्हणून पाहिलं. ते म्हणताना तिला स्वतःची किळस आली. पण तीन दिवस ती तेच म्हणत राहिली.

रविवारी तबक फिरलं. नेव्हानं मान वळवली नाही, तरी मागून आवाज आला: ताटलीची कड बाकाला लागल्याचा. ओलेटानं तबक पुढे दिलं होतं. नेव्हाच्या तोंडात भाकरीचा तुकडा होता.

दुपारी ती ट्रेलरपाशी गेली. ओलेटा पायरीवर बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. आता सत्तरीची. "ये बाई," ती म्हणाली. "थंड चहा देऊ?"

"नको." नेव्हा उभीच राहिली. वाटभर तिनं वाक्य जुळवलं होतं. "मिस ओलेटा, डुईचा कागद सापडला. छप्पन्नचा काडीमोड. इथेच होता. वहीत शाई फुटली होती हो, नाव नीट वाचता येत नव्हतं, म्हणून तेव्हा..."

ओलेटानं नक्कल घेतली. बोटं हिरवी झाली होती, ती तिनं आधी एप्रनला पुसली. ओठ हलवत सगळं वाचलं, तारीख दोनदा वाचली. मग म्हणाली, "शाई फुटली होती?"

"हो."

"नेव्हा, मी तिथेच उभी होते बाई. तू खुर्चीतून उठलीच नाहीस."

खोटं बोलून अर्धं मिनिटही झालं नव्हतं, आणि ते शेंगांच्या टरफलांत पडलं होतं. नेव्हा खाली गवतावरच बसली, चर्चच्या चांगल्या कपड्यांत, आणि रडली.

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" तिनं शेवटी विचारलं. हाही पुन्हा दोष ढकलण्याचाच प्रकार, हे तिला विचारता विचारता कळलं.

"मागे माणसं होती. म्हटलं, सगळ्यांचा खोळंबा कशाला. आणि लोक म्हणतात नेव्हाला सगळं माहीत असतं, मग मी शाळेत पाव भाजणारी, मी कोण सांगणार की वही बघ?" ओलेटानं एक शेंग मोडली. "आठ वर्षं मी स्वतःलाच खातेय. 'जरा बघतेस का', एवढे तीन शब्द. रात्रंदिवस वाटायचं, तेवढं म्हटलं असतं तर? मग वाटायचं, नेव्हानं शिक्का मारलाय, म्हणजे नसेलच. मग हॉलिसबरोबरचं सगळं पापच होतं. त्याची सर्दी, त्याचं घोरणं, सगळं."

"मी काय करू? सांगा, काहीही करते."

"रडू नकोस, त्यानं काही होत नाही. पहिला कागद लिहिलास तसा दुसरा लिही. त्याच शिक्क्याचा. शाईबिई नको. जे झालं ते."

सोमवारी नेव्हानं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. मी कोणताही शोध घेतला नव्हता. मी वही उघडली नव्हती. माझा दाखला खोटा होता. ही तीन वाक्यं टाइप करायला तिला चाळीस मिनिटं लागली. कचेरीची प्रमुख ग्लेंडा टकरनं ते वाचलं आणि दार लावून घेतलं. "वेडी झालीस का? कुणी मागितलंय हे? 'नजरचुकीनं' लिही की, सगळेच लिहितात."

"नजर टाकलीच नव्हती, तर चुकेल कुठून?"

"नेव्हा, हे फाईलला लागलं की कुणीही येऊन नक्कल मागेल. आख्खी काउंटी वाचेल. मला तुला ठेवता येईल की नाही तेही माहीत नाही."

"मला माहीत आहे ते," नेव्हा म्हणाली आणि शिक्का दाबला.

ग्लेंडाचं म्हणणं खरं ठरलं. कॅफेत दुपारपर्यंत बभ्रा झाला. ज्यांनी कधी कोर्टाची पायरी चढली नव्हती तेही येऊन नक्कल मागू लागले, आणि नेव्हा कुणालाच नाही म्हणू शकत नव्हती. सार्वजनिक कागद. एक शेतकरी म्हणाला, "माझ्या बापाच्या जमिनीचं तू सांगितलं होतंस, तेही असंच काय?" नेव्हा त्याच्याबरोबर खाली गेली आणि दोघांनी मिळून वही पाहिली. ते बरोबर होतं. त्याचा चेहरा काही उजळला नाही.

गुरुवारी ओलेटा आली. रांगेत सहा माणसं होती, ती सातवी उभी राहिली. कुणी म्हणालं, पुढे या, तर नको म्हणाली. पाळी आली तेव्हा तिनं नक्कल मागण्याची चिठ्ठी उचलली आणि सावकाश भरली. नेव्हानं मशीनवर दोन्ही कागदांच्या नकला काढल्या, हुकूमनाम्याची आणि आपल्या कबुलीची. मनात तिला एकच आशा होती, आणि तिची तिला लाजही वाटत होती: की म्हातारी एकदा तरी म्हणेल, जाऊ दे बाई, माफ केलं.

चिठ्ठीवर तिनं नवऱ्याचं नाव लावलं होतं, आठ वर्षांत प्रथमच.

कचेरीची पद्धत अशी की नक्कल देताना नाव पुकारायचं. नेव्हानं चिठ्ठी हातात धरली. "मिसेस हॉलिस बीचम," ती कशीबशी म्हणाली.

ओलेटानं कागदांना हात लावला नाही. तिनं मागे वळून पाहिलं. मागे आणखी चारेक जण येऊन उभे होते.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही बाई," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं म्हण."

नेव्हानं मोठ्यानं म्हटलं.