शेवटच्या पंगतीचे आबा

आबांना भूक अजिबात सहन होत नसे, आणि तरी लग्नात ते कायम शेवटच्या पंगतीला बसत. भवानीनगरकडचे मोठे बागायतदार, पहिल्या पंगतीचा मान त्यांचाच, पण यजमानानं हात धरला की खेकसत, "सोड. अजून गाव जेवायचंय." मग मांडवाच्या खांबाला टेकून येणाऱ्याजाणाऱ्यावर चिडत बसायचे.

आबा माझ्या वडिलांचे चुलते. मी बारामतीत अर्थशास्त्र शिकवते. विकास सगळ्यांपर्यंत पोचला का, हे मोजायच्या पद्धती फळ्यावर लिहिताना हटकून आबा आठवतात. शेवटच्या पंगतीत पोळ्या लाटणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, मांडववाले बसत. आबा त्यांना विचारत, "काय कमी पडलं का?" आणि लगेच, "पोरं कितवीला हायेत?" कोणी तालुका सुधारल्याच्या गप्पा मारल्या, की म्हणत, "शेवटच्या पंगतीला बसून सांग." त्यांच्या धाकानं आचारी जिलेबीची एक परात लपवूनच ठेवत.

माझ्या लग्नातही परात होती, त्यामुळे वडील निर्धास्त. भांडी घासणाऱ्या पारूबाईला काही कमी पडलं नव्हतं. पोरांचं विचारल्यावर मात्र खरं बाहेर आलं. शेजारी बसलेल्या लेकीला, मंदाला, तिनं शाळेतून काढून हाताखाली घेतलं होतं. आबांनी भरलं ताट पुढं सरकवलं.

"मग हिची पंगत अजून बसलीच न्हाय."

आबा उपाशी उठणार, म्हणजे तालुकाभर शोभा! वडील धावत आले. "आबा, जेवा हो! सोमवारी मी सोता हिला शाळंत घालतो. खर्च माझा."

आबांनी पारूबाईकडं पाहिलं. तिनं मान डोलावली, तेव्हा कुठं त्यांनी जिलेबी उचलली, आणि मग वाढप्याला दम खाऊ दिला नाही. वडिलांनी शब्द पाळला. न पाळून सांगतात कुणाला?

पुढं लॉनवर बुफे आले. आबा आधी गोंधळले, मग ताटल्या विसळायच्या जागी खुर्ची टाकून बसू लागले. "शेवटची पंगत आता हितं बसती," म्हणायचे.

गेल्या वर्षी आबा गेले. मी लहान पोरीसारखी रडले. तेराव्याला पानं वाढली, पण पहिल्या पंगतीला कोणी बसेना. जो तो म्हणे, "आमी शेवटी." भात निवत चालला. अखेर मीच भांड्यांपाशी जाऊन पारूबाईला हाताला धरून आणलं आणि पहिल्या पानावर बसवलं. शेजारी मंदा बसली. इंदापूरच्या दवाखान्यात ती आता नर्स आहे, ड्यूटीवरून तशीच आली होती. मग बाकीची पानं भरली.

वाढता वाढता माझ्या तोंडून आबांचाच प्रश्न निघाला, "काय कमी पडलं का?"

मंदा पानाकडं बघत म्हणाली, "समदं हाय, ताई. आबा न्हाईत."