चावीचा पहिला खटका

‘सर, चावी तुम्ही फिरवली होती, एवढं तरी मान्य आहे ना?’

शिंदे मॅडमनी हे अत्यंत नम्रपणे विचारले. उल्हासनगरातील एका गॅरेजच्या शेडमध्ये माझी गाडी बॉनेट उघडे टाकून उभी होती. विमा कंपनीने मॅडमना तिची पाहणी करायला पाठवले होते.

‘फिरवली,’ मी म्हणालो. ‘एक खटका.’

त्यांनी लिहून घेतले. ‘फिरवली’ हे लिहिले. ‘एक खटका’ लिहिले नाही. समोरच्याचे लिहिणे उलट्या बाजूने वाचण्याची सवय मला माझ्या व्यवसायाने लावलेली आहे, म्हणून हे मला तिथल्या तिथे कळले. प्रकरण त्याच क्षणी संपले होते. पुढचे सहा महिने मी भांडलो ते संपलेल्या प्रकरणाशी.

मी स्वतः मोटार सर्व्हेअर होतो. अपघातात सापडलेली, जळालेली, बुडालेली गाडी पाहून नुकसान काय झाले आणि कशामुळे झाले, हे विमा कंपनीला लिहून देणारा माणूस म्हणजे सर्व्हेअर. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात मी हे काम एकतीस वर्षे केले. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात हेल्पर होते. आमच्या घराण्यात सही करण्याच्या लायकीचा पहिला माणूस मी. माझी सही असलेला रिपोर्ट कंपनीने कधी परत पाठवला नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे त्याचा संबंध आहे.

या प्रकरणाच्या तीन हकीकती आज बदलापुरात फिरत आहेत. गॅरेजची हकीकत अशी की गाडी आली तेव्हाच इंजिन जाम होते. आमच्या इमारतीचा वॉचमन यादव याची हकीकत अशी की अंकलने गाडीत बसून चावी घुमवली. तिसरी माझ्या मुलाची. तो बदलापुरातच, कात्रपला वेगळा राहतो. त्याच्या मते बाबांना कोणी काही सांगू शकत नाही, त्यांनी घाईघाईने गाडी चालू करून पाहिली आणि आता कबूल करत नाहीत. पहिली हकीकत खोटी आहे. दुसरी खरी असून निरुपयोगी आहे. तिसरीबद्दल मी नंतर बोलेन.

घडले ते असे. आम्ही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहतो. नदीचे पाणी पहाटे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये शिरले आणि दुपारपर्यंत राहिले. माझी गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही, की बॉनेट उघडून बॅटरीची तार काढली.

बुडालेली गाडी चालू का करायची नाही, हे वाचकांना सांगितले पाहिजे. इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर पिस्टनला जोडलेला लोखंडी दांडा वाकतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. म्हणून आधी स्पार्क प्लग काढायचे, पाणी बाहेर घ्यायचे आणि मगच पुढचे काम करायचे. पाण्याने जे बिघडवले त्याचे विमा कंपनी देते. पाणी ओसरल्यावर माणसाने गाडी चालू करून जे बिघडवले, त्याचे देत नाही. त्याला परिणामी नुकसान म्हणतात. माणूस कोण, गाडीचा मालक की गॅरेजचा मिस्त्री, हे सर्व्हेअरने ठरवायचे. मालक ठरला तर त्याचे पैसे गेले, मिस्त्री ठरला तर गॅरेजने भरून द्यायचे.

टोइंगची गाडी आली तेव्हा माझ्या गाडीचे स्टीअरिंग लॉक होते. ते सुटल्याशिवाय चाके वळत नाहीत. लॉक सोडवायला चावी एक खटका फिरवावी लागते. दुसऱ्या खटक्याला दिवे लागतात आणि तिसऱ्याला इंजिन चालू होते. बॅटरीची तार काढलेली असताना तिसरा खटका मारला असता तरी इंजिन हलले नसते. मी पहिलाच मारला. यादव तेव्हा झाडू घेऊन शेजारी उभा होता. तार काढली तेव्हा तो पंप बघायला गेला होता.

‘तार काढल्याचा फोटो आहे का, सर?’ शिंदे मॅडमनी विचारले.

‘नाही.’

‘आत्ता तर जोडलेली आहे.’

‘गॅरेजने जोडली.’

‘त्यांचं म्हणणं आहे, आली तशीच आहे.’ मग त्या म्हणाल्या, ‘सर, ट्रेनिंगमध्ये आम्हाला तुम्हीच सांगितलं होतं. फोटो नाही तर घटना नाही.’

सांगितले होते. शेकडो लोकांना सांगितले होते. स्वतः फोटो काढला नाही, कारण मी सांगेन तेवढे पुरेल असे मला वाटले. एकतीस वर्षे पुरले होते.

‘प्लगवरचं कव्हर बघा,’ मी म्हणालो. ‘चिखल सुकून बसलाय. हातसुद्धा लागलेला नाही. म्हणजे यांनी प्लग न काढता इंजिन फिरवलं.’

‘किंवा इंजिन आधीच जाम होतं, म्हणून त्यांनी पुढे काही केलं नाही. दोन्ही होऊ शकतं, सर.’

त्यांचे बरोबर होते. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. इंजिन उघडले तेव्हा दोन दांडे वाकलेले निघाले. रिपोर्टमध्ये एक वाक्य आले. मूळ इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ असा: ‘विमाधारकाने स्वतः चावी फिरवल्याचे मान्य केले असून इंजिनचे नुकसान परिणामी स्वरूपाचे आहे.’ वाक्य वाचताना मला कुठेही अडखळायला झाले नाही. स्वल्पविरामासकट ते माझे होते.

मी गॅरेजमध्ये परत गेलो. मालक नानकशेठ माझ्याच वयाचे. त्यांच्याकडच्या गाड्यांचे सर्व्हे मी वीस वर्षे केले. गुडघ्याला पट्टा बांधून ते स्टुलावर बसले होते.

‘साहेब, बसा. चाय मागवतो.’

‘चहा नको. तार कोणी जोडली?’

‘कौनसी तार?’

‘नानकशेठ.’

त्यांनी शेडकडे पाहिले. त्यांचा जुना मिस्त्री एका गाडीखाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. नानकशेठनी आवाज उतरवला.

‘तुमच्याशी खोटं नाही बोलणार, साहेब. त्या दिवशी रोडपर्यंत गाड्यांची लाइन होती. त्याने तार जोडली आणि सेल्फ मारला. प्लग काढायचे राहिले. गलती झाली.’

सेल्फ मारणे म्हणजे स्टार्टर देऊन इंजिन फिरवणे.

‘हे लिहून द्या.’

‘लिहून?’ ते हसले नाहीत. त्यांना खरेच नवल वाटले. ‘वीस सालात तुम्ही माझ्याकडून एकदा तरी लिहून घेतलं काय? तुम्ही विचारायचे, कस्टमरने सेल्फ मारला काय? मी बोलायचो, हां. तुम्ही लिहायचे. चाय पिऊन जायचे.’

‘तेव्हा ते खरं होतं.’

‘कधी कधी होतं.’

मी उभाच होतो. आता बसलो.

‘कधी नव्हतं?’

‘सोडा ना साहेब. जुनी गोष्ट.’

‘कधी नव्हतं, नानकशेठ?’

‘ती टीचर. बेलवलीची, लाल गाडीवाली. ती पण ह्याच मिस्त्रीने जाम केली. बिचारी तुमच्यासमोर बोलत होती, मी फक्त स्टीअरिंग सोडवलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बस. खतम.’

‘मला तेव्हाच का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही बघितलं फक्त.’

चहा आला. मी तो प्यायलो नाही, एवढेच मी त्या दिवशी करू शकलो.

कंपनीच्या तक्रार विभागाला मी एकूण पाच पत्रे लिहिली. पाचही मुद्देसूद होती. उत्तर एकच आले: सर्व्हेअरचा अहवाल ग्राह्य धरण्यात येत आहे. नानकशेठ नंतर फोनवर म्हणाले की असे काही बोलल्याचे त्यांना आठवत नाही. मी मुलाला सांगितले की मालकाने माझ्यासमोर कबूल केले आहे. तो म्हणाला, ‘बाबा, सोडा आता. गाडी गेली तर गेली. कोणी तुम्हाला काही म्हणतंय का?’ तो तरी म्हणत होताच. मुलाने वाद घालायचे थांबवून समजूत काढणे हाही आरोपाचाच प्रकार आहे.

मग मी बेलवलीला त्या शिक्षिकेकडे, जाधव बाईंकडे गेलो. माफी मागायला गेलो, असे वाचकांना वाटेल. ते खरे नाही. मी माहिती द्यायला गेलो होतो.

जाधव बाईंनी दार उघडले आणि मला क्षणभर पाहिले.

‘मी सर्व्हेअर. तुमच्या गाडीच्या वेळी आलो होतो.’

‘ओळखलं. चष्मा बदललात.’

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली त्यांच्या यजमानांचा हार घातलेला फोटो. मी बसलो आणि नानकशेठ जे बोलले ते क्रमाने सांगितले. माझ्या गाडीचेही सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाल्या,

‘म्हणजे तुम्हाला आता कळलं.’

‘तेव्हा कळायला मार्ग नव्हता.’

‘मी सांगितलं होतं की.’

यावर माझ्याकडे उत्तर होते. विमाधारकाचे म्हणणे हा पुरावा नसतो, हे ते उत्तर. मी ते दिले नाही.

‘पन्नाशीला गाडी शिकले होते,’ बाई म्हणाल्या. ‘शाळेत सगळ्या हसायच्या, बाई स्टीअरिंगला लोंबकळतात म्हणून. मलाही हसू यायचं. तुमचा तो कागद आला आणि ह्यांनी तो वाचला. म्हणाले, सरकारी लायसन्सवाला माणूस खोटं कशाला लिहील? तुला सांगितलं होतं, चावीला हात लावू नकोस. जाईपर्यंत तेच म्हणायचे. रागाने नाही हो. चेष्टेनं. पाहुण्यांसमोरसुद्धा. हिच्या हातात चावी देऊ नका.’ त्यांनी फोटोकडे पाहिले नाही. ‘मी परत चालवलीच नाही. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, फिरवली असेल बाबा मी.’

मी कागद मागितला. त्यांनी वहीचे पान फाडून दिले. गाडी गॅरेजमध्ये चालू केली गेली, विमाधारक जाधव यांचे निवेदन खरे होते, माझा निष्कर्ष चुकीचा होता, असे मी लिहिले. खाली सही केली. रिपोर्टवर करायचो तीच, पूर्ण नावाची.

बाईंनी ते दोनदा वाचले. त्या शिक्षिका, सावकाश वाचतात.

‘छान लिहिलंय,’ त्या म्हणाल्या. ‘आता हे दाखवू कोणाला?’

त्यांनी पानाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

‘तुमच्याकडेच असू द्या. तुमच्या मुलाला दाखवा. त्याला तुमचं पटेल.’

ते पान माझ्या कपाटात आहे. मुलाला मी ते दाखवलेले नाही. ते दाखवायचे तर बाईंचे प्रकरण पहिल्यापासून सांगावे लागेल, आणि मग वडील खरे बोलत आहेत की वडील असेच लिहीत आले आहेत, यांतले काय त्याला पटेल, हे मला सांगता येत नाही. हा मजकूर छापून आला तर तो वाचेल. त्यातले त्याला हवे ते घेईल. माणसे तसेच करतात, मीही केले.

गॅरेजमधून परत आणून पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी शेवटी भंगारवाला ओढून घेऊन गेला. नेताना स्टीअरिंग लॉक होते. यादव म्हणाला, ‘अंकल, चाबी?’ मी चावी त्याच्या हातात दिली. त्याने एक खटका फिरवला, चाके सुटली आणि गाडी बाहेर काढून झाल्यावर त्याने चावी मला परत आणून दिली. आपण काय केले हे त्याच्या लक्षात आले नाही. मीही सांगितले नाही.

व्यवसायातील अनुभवावरून एवढेच सांगतो. बुडालेल्या गाडीची बॅटरी सोडवा, तिचा फोटो काढा आणि प्लग आपल्या डोळ्यांदेखत काढून घ्या. पहिला खटका आणि तिसरा खटका यांतला फरक कळणारा साक्षीदार शोधत बसू नका. तसा एक माणूस प्रत्येक प्रकरणात हजर असतोच. तेवढ्यासाठीच तो नेमलेला असतो. त्याला सर्व्हेअर म्हणतात.