कोंड्याला विकत घेतलेली पोर

“हे मूल तुझं का?” साहेबानं विचारलं आणि माझ्या धाकट्या जावेनं मान हलवली.

“न्हाई सायेब. माझं न्हाई.”

मूल तिच्याच मांडीवर होतं. तीन आठवड्यांची पोर, फडक्यात गुंडाळलेली. आम्ही सगळ्या बाया हळदीच्या कारखान्याच्या अंगणात सुपं घेऊन बसलो होतो आणि सरकारच्या मजूर खात्याचा साहेब समोर उभा होता. त्याच्या मागे मालक. मालकाला सुटल्यासारखं झालेलं दिसलं. मुकादम तर उघड हसला.

“ऐकलंसा न्हवं सायेब? आमच्यात कोण बाळंतीण न्हाई. असली तर आमी कामावर घिऊ का?”

साहेबानं हातातली पिशवी बंद करायला घेतली. ती बंद झाली असती तर जाऊ दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पोती ओढायला लागली असती आणि पोर घरी राहिली असती. असं आधी दोनदा झालं होतं. दोन्ही मुलं गेली होती.

ही सांगलीतली गोष्ट, मोठा दुष्काळ होऊन गेल्यानंतरची. माझं माहेर उंब्रजकडचं, सासर पलूसच्या बाजूला. दुष्काळात विहिरी आटल्या तसं घर उचलून आम्ही सांगलीला आलो. माझा नवरा मिलिटरीत, दीर हळदीच्या पेठेत हमाल, घरात सासूबाई. मी आणि धाकटी जाऊ कारखान्यात. तिथं मोटारीवर फिरणाऱ्या मोठ्या पिंपात हळद घोळून चकचकीत करायचे. आम्ही ती चाळायची, निवडायची, पोती भरायची. हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे. संध्याकाळी घरी जाताना पेठेतली पोरं ओरडायची, “आज परत हळद लागली व्हय गं?” रोजच लागायची. नखांतली कधी निघाली नाही.

जावेची पहिली दोन मुलं महिन्याच्या आत गेली. ती आठवड्याभरात कामावर जायची, कारण जागा सोडली की मुकादम दुसरी बाई बसवायचा. मूल घरी सासूबाईंकडे. शेळीचं दूध पाण्यात घालून पाजायचं आणि रडलं की अफूचं बोट चाटवायचं. सगळेच तसं करायचे. सासूबाई म्हणायच्या, सटवाईनं नेली. मी तेव्हाही म्हणत होते की उपासमारीनं नेली. पण घरात माझं कोण ऐकणार?

तिसऱ्या वेळी जावेनं ठरवलं की यावेळी कुणाला कळू द्यायचं नाही. लुगडं सैल नेसायची, पदर पुढं घ्यायची. कारखान्याच्या दारात युनियनच्या एक बाई यायच्या. शिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या, पायात रबरी चपला. त्या सांगायच्या की बाळंतपणाच्या रजेचा कायदा आहे, आधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे घरी बसायचं आणि मजुरी मिळायची. फक्त आधी मालकाला कळवा. दुसऱ्या देशांत तर म्हणे याहून जास्त मिळतं, तिथल्या बाया त्यासाठी रस्त्यावर उतरल्या. आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, “तिथल्या बायांस्नी सासू नसंल.”

जाऊ कळवायला तयार होईना. “मी त्वांडानं सांगितलं की संपलं, आक्का. आधी दोनदा सगळ्यांना सांगितलं हुतं. काय झालं?”

पोर झाली ती घरी, सकाळच्या वेळी. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. “पोरगीच हाय. हिला न्यायला सटवाई कशाला कष्ट घील?” पण पाचवी पुजली आणि त्यांनीच मला हाक मारली. आमच्याकडे मुलं जगत नसली की मूल विकतात. खरं नव्हे, दैवाला फसवायला. पोरीला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. जाऊ दारात पाठ करून उभी राहिली. मी रस्त्यानं चालल्यासारखी आले, सूप उचललं, मूठभर कोंडा दिला आणि म्हणाले, “ही माझी.” त्या दिवसापासून पोर माझी. आईनं ‘माझी’ म्हणायचं नाही. पोर चालायला लागेपर्यंत कुणी विचारलं तर ‘माझी न्हाई’ असंच सांगायचं. एकदा जरी कबूल केलं तरी दैवाला पत्ता लागतो, अशी समजूत. माझा विश्वास नव्हता. पण मूठभर कोंड्यानं कुणाचं पोट दुखत नाही, म्हणून मी घेतली.

दोन आठवडे जाऊ घरी राहिली. मग मुकादमाचा निरोप आला, येतीस का दुसरी बसवू? ती आली. पोरीला घेऊनच आली, कारण मी सांगितलं होतं की यावेळी घरी ठेवायची नाही. मुकादम हळदीची धूळ दाखवून तिला बोलला, पोर इथं कशाला आणली म्हणून. ती सूप घेऊन बसली. चेहरा पांढराफटक, उठताना भिंत धरायची.

युनियनच्या बाईंनी तिला पाहिलं आणि मजूर खात्यात जाऊन सांगितलं असणार. कारण चार दिवसांत साहेब आला. मजुरीचा नवा दर देतात की नाही तेही त्याला बघायचं होतं. आला, अंगणात फिरला आणि पोर दिसली तशी त्यानं तो प्रश्न विचारला.

जाऊ ‘न्हाई’ म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी समजले. मी खरं सांगितलं तर ती मला जन्मात क्षमा करणार नव्हती.

साहेब माझ्याकडे वळला. “मग तुझं का?”

“व्हय,” मी म्हणाले. “माझं.”

“किती दिवसांचं?”

“तीन आठवड्यांचं.”

मुकादम पुढं झाला. “आवं सायेब, ही तर सालभरात एक खाडा केल्याली न्हाई! पोर काय जेवणाच्या सुट्टीत झाली हिला?”

सगळ्या बाया हसल्या. हसायचं नव्हतं, पण आलं. साहेब लाल झाला. त्याला वाटलं आम्ही त्याची थट्टा करतोय. म्हणाला, “सरकारी माणसाला वेड्यात काढता? एक म्हणते नाही, दुसरी म्हणते माझं. मी काय लिहून नेऊ?”

तेवढ्यात त्या म्हातारीला राहवलं नाही. “सायेब, रागावू नगा. पोर थोरलीचीच हाय. तिनं इकत घेतलीया.”

“विकत?”

“धाकटीकडनं.”

मग तर फारच झालं. साहेबानं पिशवी खाली ठेवली. “मूल विकलं? आणि तुम्ही हे मला सांगता? पोलिसांना बोलवू का?” मालक घाबरला. कारखान्यात मूल विकलं म्हणजे त्याचंही नाव येणार. तो जावेवर ओरडला, “कितीला विकलीस गं?”

“कोंड्याला,” म्हातारी म्हणाली. “मूठभर.”

साहेबानं एक पोतं ओढलं आणि त्यावर बसला. तो वाईकडचा, शहरी घरातला होता. त्याला हे ठाऊक नसावं. पण माणूस मूर्ख नव्हता. त्यानं म्हातारीकडून सगळं ऐकून घेतलं. सूप, उकिरडा, आधीची दोन मुलं. जाऊ खाली मान घालून बसली होती. पोर रडायला लागली आणि तिच्या चोळीवर ओल आली. साहेबानं तोंड फिरवलं.

मग तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, “बाई, मूल कुणाचं ते मला सांगू नकोस. मला त्याची गरज नाही. कायदा मूल विचारत नाही. बाळंत कोण झालं, तेवढंच सांग.”

जावेनं बराच वेळ विचार केला. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. हे बोललं तर चालतं का, यात ‘माझी’ येतं का. मग तिनं वर बघितलं.

“बाळंत मी झाले.”

“आता पोर कुणाची म्हणायची?” मुकादमानं विचारलं.

“ते माझ्या कायद्यात नाही,” साहेब म्हणाला. “मूल मेलं असतं तरी रजा हिचीच.”

हे ऐकल्याबरोबर सगळ्या बायांनी थू थू केलं. म्हातारी कडाडली, “सायेब, आदी त्वांड धुवा! लेकराम्होरं असं बोलत्यात व्हय?” आणि त्या साहेबानं खरंच पिंपाजवळच्या नळावर जाऊन चूळ भरली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मालकानं कुरकुर केली की आधी कळवलं नव्हतं. साहेब म्हणाला, नंतर कळवलं तरी चालतं, आत्ता कळवलं असं समजा. ती सालभर कामावर होती हे मुकादमालाही नाकारता येईना. बाळंत झालेल्या बाईला सहा आठवड्यांच्या आत कामाला लावणं हाच गुन्हा आहे, असंही साहेबानं त्याला ऐकवलं. जावेनं सूप खाली ठेवलं. मी पोर उचलून घेतली, कारण लोकांसमोर ती माझी होती, आणि दोघींना घरी पोचवून परत कामाला आले. मुकादमानं तेवढ्या वेळाची माझी मजुरी कापली. त्या दिवशी मला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. छातीवरचं पोतं कुणी उतरवावं तसं हलकं वाटत होतं.

पुढचे दिवस जाऊ घरी झोपली, जेवली, पोरीला अंगावर पाजत राहिली. मी कधी तिला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती. रजेची मजुरी उशिरानं, पण आली. सासूबाईंना मात्र ते पचेना. “बसून मजुरी? मी सात बाळंतपणं काढली. मला कुणी दिली?”

“तुमाला कुणी इचारलंच न्हाई, आत्याबाई,” मी म्हणाले. “हिला इचारलं.”

त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी शेळीचं दूध त्यांनी जावेलाच प्यायला दिलं.

सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. पुढच्या हंगामापासून मालकानं नवीन लग्न झालेल्या बाया कामावर घ्यायचं बंद केलं. मजुरीचा नवा दर दिला, पण पोत्यांची संख्या वाढवली. कायदा आला की मालक त्याच्या कडेनं वाट शोधतो, हे मी तेव्हा शिकले. तरी त्या कारखान्यातल्या बाया नंतर आधीच कळवायला लागल्या. काही जणी मूल विकायच्याही, आणि कुणी विचारलं तर बाळंत झाले एवढंच सांगायच्या. आमच्याकडचा तोच रिवाज पडला.

पोर वर्षाच्या आत चालली. ती जगली. तिची आईही जगली.